परत आणायची तारीख नाही

माझ्या नणंदबाई लोकांना कुबड्या देतात. असं सांगितलं की समोरचा हमखास विचारतो, "राजकारणात आहेत का?" तर नाही. खऱ्याखुऱ्या, काखेत धरायच्या कुबड्या. शिवाय वॉकर, चाकाच्या खुर्च्या, डोक्याकडून वर होणारे पलंग, पडून पडून पाठ सोलवटू नये म्हणून हवेच्या गाद्या, आणि कमोडच्या खुर्च्या. ज्याला लागेल त्यानं यावं, फुकट न्यावं, काम झालं की परत आणावं. शहरात त्यांना सगळे खुर्चीबाई म्हणतात. मी वन्सं म्हणते. माझ्याहून वयानं लहान आहेत, पण लग्नात सासूबाईंनी लावलेली सवय, आता मेल्याशिवाय जायची नाही.

नोकरीभर त्या दवाखान्यात प्लास्टरच्या खोलीत होत्या. डॉक्टर हाड बसवायचे आणि वन्सं त्यावर पट्ट्या गुंडाळायच्या. पेशंट ओरडला की म्हणायच्या, "ओरडा, ओरडा, हाडालाही कळू दे." लग्न केलं नाही. का नाही, असं कुणी खोदून विचारलं तर उत्तर ठरलेलं, "हात कायम प्लास्टरनं भरलेले. माळ कोण घालणार?" सुरुवातीला मला वाटायचं बाई फटकळ आहे. नंतर कळलं की फटकळच आहे, पण त्याच्या आत दुसरंही बरंच काही आहे.

हा कुबड्यांचा उद्योग आमच्याच माळ्यावरून सुरू झाला. मामंजी गेले, त्यांची चाकाची खुर्ची मागे राहिली. अशी वस्तू घरात डोळ्यांसमोर नको वाटते आणि भंगारवाल्याला द्यायला हात धजत नाही. मग ती माळ्यावर जाते. आमचीही गेली. पुढं शेजारच्या शिंपीकाकांचा खुबा मोडला, तेव्हा वन्संनी ती खाली काढली, चाकांना तेल घातलं आणि देऊन टाकली. मग त्यांच्या डोक्यात आलं की प्रत्येक माळ्यावर असं काहीतरी असणार. झालं. बाईंनी शहरातले माळे रिकामे करायला घेतले.

आणि आणून ठेवलं कुठं? माझ्या दिवाणखान्यात. माझ्याकडे पाहुणे आले की मी कमोडच्या खुर्चीवर फुलाफुलांची चादर टाकायची आणि देवाची करुणा भाकायची की त्यावरच कुणी बसू नये. एकदा आमच्या ह्यांचे साहेब बसले. नंतर कळलं तेव्हा मी दोन दिवस वन्संशी बोलले नाही. त्या म्हणाल्या, "वहिनी, धुतलेली होती." आता यावर माणसानं काय बोलायचं?

शेवटी कोपऱ्यावरच्या लाँड्रीवाल्यानं मागची पत्र्याची खोली दिली. त्याच्या बायकोचा मोडलेला पाय वन्संनी बांधला होता. तिथं एक टेबल, दोन स्टुलं, भिंतीला फळ्या आणि चहाचा स्टोव्ह, एवढा संसार मांडला. मदतीला आले कंडक्टरभाऊ. जन्मभर बसमध्ये तिकिटं फाडलेला माणूस. निवृत्त झाल्यावर घरी करमेना, बायकोला त्याच्याहून करमेना, म्हणून तिनंच त्यांना इकडं पाठवलं. खुर्च्यांची चाकं, ब्रेक, रबरं सगळं तेच बघतात. हात सोन्याचे, पण जीभ अजून बसमध्येच आहे. घरी आलेल्या व्याह्यांनाही म्हणतात, "पुढे सरका, आत जागा आहे."

सुरुवातीला वन्संची एक रीत होती. कुणी गेलं असं कानावर आलं की आठवडाभर थांबायचं आणि मग जाऊन आपली वस्तू उचलून आणायची. त्यांना त्यात काही वावगं वाटत नव्हतं. रांगेत दुसरं कुणी कण्हत असायचं ना. मी म्हणायची, "अहो, माणुसकी?" तर म्हणायच्या, "दुसऱ्या घरी म्हातारा जमिनीवर पडलाय, तिथं दाखवते माणुसकी." एकदा अशाच एका घरी गेल्या. बायको गेलेला माणूस होता. दार उघडून तो आत गेला आणि बायकोच्या चाकाच्या खुर्चीत स्वतःच बसून राहिला. उठेचना. फक्त म्हणाला, "थोडा वेळ." वन्सं स्टुलावर बसून राहिल्या. मग रिकाम्या हातांनी घरी आल्या आणि माझ्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. मी त्यांना तशी कधी पाहिली नव्हती. म्हणाल्या, "वहिनी, मी कसाई झाले होते."

त्या दिवसापासून कानाला खडा. वस्तू परत आणायची तारीख नाही, आठवण नाही, फोन नाही. एकच अट, घरच्यांपैकी कुणीतरी ती आपल्या हातानं आणायची. आणि गंमत बघा, लोक आणतात. कुणी महिन्यानं, कुणी वर्षानं. बरी झालेली माणसं हसत येतात, कुबडी खांद्यावर टाकून. बाकीचे खुर्ची आत ढकलत येतात आणि मग जात नाहीत. वन्सं स्टूल पुढं करतात, स्टोव्ह पेटवतात, आणि एरवी तोफखाना असलेली ही बाई त्या वेळी एक शब्द बोलत नाही.

असं बरं चाललेलं असताना लाँड्रीवाल्यानं जागा विकली. मुलाकडे परदेशी निघाला होता, त्याचं काही चुकलं नाही. महिनाअखेरीला खोली रिकामी करायची. वन्सं "बघू" म्हणाल्या आणि गप्प बसल्या. रात्रीचं ताट अर्धं टाकायला लागल्या. मी आमच्या ह्यांना सांगितलं, "हे बघा, पुन्हा माझ्या दिवाणखान्यात कमोड आला तर मी माहेरी जाईन." हे म्हणाले, "तुझं माहेर राहिलंय कुठं?" तेही खरंच होतं. आणि खरं सांगायचं तर मला दिवाणखान्याची काळजी नव्हती. हे काम बंद पडलं तर ही बाई कशावर जगेल, हा माझ्या जिवाला घोर लागला होता.

आमच्या शहरात एक चांगली पद्धत आहे. नवा महापौर आला की वर्षभरासाठी तीन-चार छोट्या संस्था आपल्या म्हणून निवडतो. वर्षातले महापौरांचे कार्यक्रम त्यांच्यासाठी होतात, आणि पालिकेची एखादी पडून असलेली जागा लागत असेल तर तीही मिळते. मागचे महापौर कुत्र्यांवर जीव टाकणारे, त्यामुळे त्या वर्षी भटक्या कुत्र्यांची चंगळ झाली. त्यांच्या आधीच्यांनी अंध मुलांच्या वाद्यवृंदाला हात दिला, आणि उद्घाटनाला स्वतः गायले, ते मुलांनी सहन केलं. आत्ताच्या महापौर बाई आहेत. पूर्वी शाळेत गणित शिकवायच्या. शहरातली निम्मी पिढी त्यांना अजून घाबरते.

वन्सं मागायला जाणाऱ्यातल्या नव्हेत. द्यायला दहा हात, मागायला एकही नाही. म्हणून मीच उठले आणि महापौरांच्या कचेरीत जाऊन बसले. त्यांच्या साहाय्यकानं मला तीनदा सांगितलं की मॅडम कामात आहेत. मी तीनदा सांगितलं की मी कामात नाही. शेवटी भेट झाली. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मी बघितल्याशिवाय काही ठरवत नाही. येऊन जाते." दिवस ठरला. मी जिन्यावरून जवळजवळ उड्या मारत उतरले.

आदल्या दिवशी खोलीत गेले तर काय, फळ्या रिकाम्या. थंडीत हाडं जास्त मोडतात, म्हाताऱ्यांचं दुखणं वाढतं, सगळं सामान घरोघरी गेलेलं. उरली होती एक कमोडची खुर्ची आणि एका पायानं लंगडा वॉकर. वन्सं निवांत फरशी पुसत होत्या.

मी म्हटलं, "वन्सं, उद्या महापौर यायच्यात. त्यांना काय दाखवणार? फरशी?"

"सगळं बाहेर आहे म्हणजे चांगलं चाललंय, वहिनी."

"ते तुम्हाला कळतं. रिकामी खोली बघून त्या म्हणतील, यांना खोली कशाला हवी?"

"म्हणू देत. आजाऱ्याच्या अंगाखालचा पलंग काढून आणू का मी, बाजार मांडायला?"

मी हात टेकले. गाढवापुढे वाचली गीता, असं पुटपुटतच घरी आले. पण कंडक्टरभाऊ कोपऱ्यात चाकाला तेल घालत हे सगळं ऐकत होते, हे आम्ही दोघीही विसरलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दूध घेऊन येत होते, तर लाँड्रीसमोर एक गवंडी दोन्ही काखांत कुबड्या घेऊन उभा. घामाघूम. म्हणाला, "बाई, अजून प्लास्टर आहे हो. हे बघा. काढलं की मी स्वतः आणून देणार होतो." मला काही उमगेना. तेवढ्यात एक सून चाकाच्या खुर्चीतून सासऱ्यांना घेऊन आली. सासरे रागानं लालबुंद. "मी काय पळवून नेणार होतो का खुर्ची? पाय चालत असते तर खुर्ची कशाला मागितली असती?" त्यांच्यामागं वॉकरवर टेकत टेकत, दर खांबापाशी दम खात एक आजोबा. मग हवेची गादी गुंडाळून डोक्यावर घेतलेला एक मुलगा, आणि त्याच्या मागं गादीशिवाय पडून राहता येईना म्हणून रडकुंडीला आलेले त्याचे वडील, दोघांच्या खांद्यांवर हात टाकून. गल्ली भरत चालली.

आणि मग टेम्पो आला. टेम्पोत पलंग. पलंगावर रजई. रजईत आजी. टेम्पो थांबला तशी आजीनं मान वर काढली आणि मला म्हणाली, "हे बघ गं बाई, आहे मी अजून. नीट बघून घे. मग पलंग न्यायचा तर ने."

माझ्या हातातलं दूध सांडायचंच राहिलं होतं.

वन्सं बाहेर आल्या. त्यांनी गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं आणि थंड आवाजात विचारलं, "यांना कुणी बोलावलं?"

कंडक्टरभाऊ पुढं आले. छाती थोडी फुगलेली होती, ती वन्संचा चेहरा बघून खाली बसली. "मी फोन केले सगळ्यांना. महापौर येणार, खोली भरलेली दिसायला हवी, एका तासाचा तर प्रश्न."

"काय सांगितलंत फोनवर? शब्दशः सांगा."

"सामान घेऊन दहाला हजर राहा. उशीर चालणार नाही."

"आणि महापौरांचं?"

"ते..." कंडक्टरभाऊंनी मान खाजवली. "ते सांगायचं राहिलं."

आता तुम्हीच सांगा. ज्या बाईनं इतक्या वर्षांत एकदाही कुणाकडं काही परत मागितलं नाही, तिच्याकडून असा फोन गेला तर लोकांनी काय समजायचं? त्यांना वाटलं, आपली मुदत संपली. म्हणून जो तो आपला पेशंट पुरावा म्हणून घेऊन आला होता.

मला वाटलं वन्सं आता कंडक्टरभाऊंना कच्चं खाणार. त्यांनी तिकडं बघितलंसुद्धा नाही. सरळ लोकांत शिरल्या. प्रत्येकाच्या खांद्यावर हात ठेवून सांगत सुटल्या, "नाही नेत. तुमचंच आहे. चुकून झालं हो." सासऱ्यांच्या पायांवरची शाल नीट केली. गादी जमिनीवर पसरून त्या वडिलांना आडवं केलं. टेम्पोवर चढून आजीची रजई मानेपर्यंत ओढली. आजी म्हणाली, "आता आलेच आहे तर चहा दे." वन्संच्या डोळ्यांत पाणी होतं आणि त्या हसत होत्या. मीही तेच करत होते.

नेमक्या त्याच वेळी महापौर आल्या. टेम्पो आडवा असल्यामुळं गाडी गल्लीत शिरेना, म्हणून चालत आल्या, मागं साहाय्यक. माणसांतून वाट काढायला जागा नव्हती. कंडक्टरभाऊंच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "पुढे सरका, पुढे सरका, आत जागा आहे." आणि शहराच्या प्रथम नागरिक मुकाट्यानं पुढे सरकल्या.

आत बसायला काय? दोन्ही स्टुलांवर पेशंट. राहिली होती कमोडची खुर्ची. मी डोळ्यांनी वन्संना खुणावत होते, नको, नको. वन्संनी झाकण खाली केलं, पदरानं पुसलं आणि म्हणाल्या, "बसा." मॅडमनी खुर्चीकडं पाहिलं, ओळखलं आणि बसल्या. साहाय्यकानं फोटोसाठी वर केलेला मोबाइल हळूच खिशात घातला.

"एवढे लोक रोज असतात?" मॅडमनी विचारलं.

आता "हो" म्हणायला काय जातं? मी मनात म्हणत होते, हो म्हणा, हो म्हणा. वन्संनी सगळं खरं सांगितलं. फोनसकट. मी कपाळावर हात मारून घेतला.

साहाय्यक तरतरीत माणूस. त्यानं लगेच नेमकं तेच बोलून दाखवलं ज्याची मला भीती होती. "म्हणजे एरवी सामान लोकांच्या घरीच असतं. मग तुम्हाला जागेची तशी गरज नाही. फोनवरूनच काम होईल. एकाकडून दुसऱ्याकडं परस्पर."

मी वन्संकडं बघत होते. इतके दिवस ज्या उत्तरासाठी आम्ही थांबलो होतो ते एका वाक्यात नकारार्थी होऊन आमच्यासमोर उभं होतं, आणि त्यात बोट ठेवायला चूक सापडत नव्हती.

वन्सं म्हणाल्या, "न्यायला खोली लागत नाही. ते बरोबर आहे तुमचं. खोली लागते परत आणायला. घरातलं माणूस गेल्यावर त्याची खुर्ची घेऊन कुणीतरी निघतं. सगळ्या रस्त्यानं ती रिकामी ढकलत आणतं. ती परस्पर कुणाच्या दारात ठेवून त्याला जायला सांगू? त्याला टेकायला जागा नको? मी काही करत नाही तेव्हा. चहा करते. पण बसायला जागा लागते."

साहाय्यकानं काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मॅडमनी हात वर केला. वर्गात करत असतील तसाच. तो जागीच गप्प झाला.

त्यांनी कोपऱ्यातल्या लंगड्या वॉकरकडं पाहिलं. मग म्हणाल्या, "माझ्याकडे एक वॉकर आहे. आईचा. गॅलरीत उभा आहे. मी त्यावर टॉवेल वाळत घालते. दोन वर्षं. कुणाला द्यायचं मनात येतं आणि मग काहीतरी काम निघतं. तुम्ही न्याल का तो? मी गाडी पाठवते."

"नाही," वन्सं म्हणाल्या. अगदी मऊ आवाजात, पण नाहीच. "गाडी पाठवू नका, माणूसही पाठवू नका. तुम्ही स्वतः आणायचा. झेपेल तेव्हा. घाई नाही."

"कुठं आणू?"

वन्संनी खांदे उडवले. "ते आता तुम्हीच सांगा. महिनाअखेरीनंतर मी कुठं असेन, मला माहीत नाही."

मॅडम एकदम हसल्या. हसता हसता चष्मा काढून डोळे पुसले. बाहेर टेम्पोतून आजीचा आवाज आला, "चहाचं काय झालं?"

त्या वर्षी महापौरांच्या संस्थांमध्ये पहिलं नाव आमचं होतं. पालिकेच्या बागेतलं बंद पडलेलं तिकीटघर आम्हाला मिळालं. दोन खोल्या, मोठी खिडकी, पुढं बाक. कंडक्टरभाऊ तिकीटघर म्हटल्यावर असे खुलले की विचारू नका, सासर-माहेर एकत्र मिळाल्यागत. फोनला मात्र त्यांना वन्सं हात लावू देत नाहीत. माझा दिवाणखाना वाचला, आणि वन्संच्या ताटातलं सगळं संपायला लागलं.

जागा मिळाली तरी मॅडम वॉकर घेऊन आल्या नाहीत. कार्यक्रमांना यायच्या, भाषणात आमचं नाव घ्यायच्या, पण वॉकरचा विषय नाही. मी एकदा म्हटलं, "विसरल्या वाटतं." वन्संनी माझ्याकडं असं काही बघितलं की मी परत तो विषय काढला नाही. मोठी माणसं, मोठी कामं, असं मी आपलं मनाशी म्हणत राहिले.

एका रविवारी मी तिकीटघरात चहाचे कप विसळत होते. बागेच्या फाटकातून एक बाई एकट्याच चालत येताना दिसल्या. साधी साडी, पायांत घरातल्या चपला, एका हातात उचललेला वॉकर. मधे मधे थांबत होत्या. जवळ आल्यावर मी ओळखलं आणि दाराकडं धावणार, तोच वन्संनी माझा हात धरून मला मागं ओढलं.

मॅडम आत आल्या. वॉकर भिंतीशी उभा केला. बाकावर बसल्या. वन्संनी चहा ठेवला. बाहेर मुलं घसरगुंडीवर आरडाओरडा करत होती. चहा निवून गेला. किती वेळ गेला कोण जाणे. मी एकच कप पुन्हा पुन्हा विसळत होते आणि मला पुढचं दिसत नव्हतं.

शेवटी त्या उठल्या, पदर सारखा केला, दारापर्यंत गेल्या आणि परत फिरल्या. वॉकरच्या उजव्या दांडीला एक कापड गुंडाळून बांधलेलं होतं, जुन्या साडीचं, निळं, मळलेलं. त्यांनी गाठीवर बोट ठेवलं.

"आईचा हात घामानं घसरायचा, म्हणून मी बांधलं होतं," त्या म्हणाल्या. "सोडून घेते. तुम्हाला स्वच्छ द्यायला हवा."

गाठ घट्ट बसली होती. त्यांनी नखांनी ओढून पाहिली, सुटेना. वन्सं जवळ गेल्या आणि त्यांच्या हातावर आपला हात ठेवला.

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "पुढच्याचाही घसरेल."